न छापलेल्या भागांची व्यवस्था

मी, सहदेव वल्द केशवराव होले, वय अंदाजे चोवीस, जात माळी, धंदा कोळसा खणणे आणि गोष्टी लिहून स्वखर्चाने छापणे, राहणार चांदूर बाजार, तालुका एलिचपूर, जिल्हा उमरावती, हल्ली मुक्काम झरिया, जिल्हा मानभूम, असे लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी दारू घेतलेली नाही, आणि कोणी मानेवर बसून हे माझ्याकडून लिहवून घेत नाही. भेव मात्र आहे.

ही शेवटची ओळ कारकून हरिहरपंत पाठक यांना पसंत नव्हती. ते मूळचे उमरावतीचे, वकिलाचे चिरंजीव, इथं खाणीच्या कचेरीत आहेत. या कागदातले कायद्याचे शब्द त्यांनी सांगितले, बाकीचे माझे. ते म्हणाले, "सहदेवा, मृत्युपत्रात भीती घालत नाहीत. मनुष्यदेह क्षणभंगुर आहे, असं लिही." मी म्हटलं, "पंत, वर खुर्चीवर बसलं की तो क्षणभंगुर असतो. खाली उतरलं की नुसतं भेव असते." ते हसले आणि म्हणाले, "बरं, राहू दे. कोर्ट हसेल, पण नाकारणार नाही."

भेव कशाचं ते लिहितो, म्हणजे घरच्यांना समजेल. खाणीत आधी कोळसा काढताना मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडतात, त्यांवर छत उभं राहतं. पुढे कोळसा संपत आला की ते खांबसुद्धा काढतात आणि मागचं छत पडू देतात. हे काम करणारी टोळी वेगळी असते. मजुरी जास्त मिळते. दिवाळीपासून माझं नाव त्या टोळीत आहे आणि ते मीच सांगून घातलं आहे. लाकडाचे टेकू लावून आम्ही मागे मागे सरकत येतो. टेकू करकरला की पळायचं. पण तो करकरण्याआधी एक वेळ अशी येते की सगळंच गप्प होतं, पाणी ठिबकणंही. त्या वेळी माझ्या तोंडातली भाकर तोंडातच फिरते, खाली उतरत नाही. झोपेतही मी कान देऊन असतो. म्हणून हा कागद.

कलम पहिले. चांदूर बाजाराच्या शिवेवरचा आमचा संत्र्याचा बगीचा, विहीर आणि मोटेसह, यातला माझा हिस्सा माझी आई माणिकबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, आणि तिच्या मागे माझी थोरली बहीण वच्छला हिला. वच्छला नवरा गेल्यापासून माहेरीच आहे. विहिरीच्या पाण्याची पाळी आमची आणि काका नत्थुजी यांची एक दिवसाआड आहे. ती तशीच चालावी. काकांनी आमच्या पाळीच्या दिवशी बैल जुंपू नयेत. बाप मेला त्या उन्हाळ्यात त्यांनी ते केलं होतं. मी ते ध्यानात ठेवलं.

कलम दुसरे. काका नत्थुजी यांना माझ्या पुस्तकाच्या प्रत्येक भागाची एक प्रत द्यावी. याचं कारण असं. मी शाळेची चौथी सोडून घरातून पळालो, आधी अकोल्याच्या कापसाच्या जिनात सरकी उचलली, मग तिथल्याच खुशालराव छापखानेवाल्यांकडे कागदाचे गठ्ठे वाहिले. ते कागद वाहता वाहता मला गोष्ट सुचली आणि मी ती खुशालरावांच्या हातापाया पडून, माझ्या मजुरीत कापून घ्या म्हणून, छापली. तिचं नाव "फिरस्ता दौलत". वऱ्हाडातला एक पोरगा घर सोडून देशोदेशी हिंडतो, विहिरीत पडतो, चोरांच्या हाती सापडतो, सुटतो, पुन्हा सापडतो. गठ्ठा डोक्यावर घेऊन मी घरी आलो तर काका म्हणाले, "बापानं मोट हाकली, पोरगा कागद हाकून राहिला." आणि बुधवारच्या बाजारात त्यांनी माझ्याच पुस्तकाची पानं फाडून मिरच्यांच्या पुड्या बांधल्या.

मी बाजारात उभा राहून ते पाहिलं. त्यांना ठार मारावं असं वाटलं. पण पुढच्या बुधवारच्या बाजाराला गोदाबाई नावाची एक बाई काकांच्या दुकानाच्या पालापाशी आली आणि म्हणाली, "मिरच्या नाही पायजेत. दौलत विहिरीत पडला, त्याच्या पुढचा कागद द्या." काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. माझं पहिलं पुस्तक तिनं घेतलं. म्हणून मी काकांवरचा राग अर्धाच ठेवला आहे. प्रत देताना वच्छलानं ती आधी त्यांना बसवून पूर्ण वाचून दाखवावी. ऐकल्यावर पुडी बांधावीशी वाटली तर खुशाल बांधावी.

कलम तिसरे. माझी लिहिण्याची रीत वच्छलाला देतो. इथं आल्यावर सुरुवातीला मी वर्षाकाठी एक भाग लिहायचो, कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला विकायला मिळेल असा. बाकीचे दिवस नुसतं डोकं खाजवण्यात जायचे. दिवाळीपासून मात्र दर महिन्याला एक भाग छापून जातो. लोकांना वाटलं मला कोणी मंत्र दिला. मंत्र नाही. आई भाजीला पाणी देते तसं मी लिहू लागलो, एवढंच.

आई एका वाफ्यात पाणी तुंबवत बसत नाही. वाफा भरला की बांध फोडून पाणी पुढच्यात वळवते, तोवर मागचा मुरतो. मी एकाच भागाच्या शेवटावर अडून रडायचो. आता तीन भाग शेजारी शेजारी ठेवतो. एकात दौलत अडकला की त्याला तिथंच मुरू देतो आणि दुसऱ्यात पाणी सोडतो. लिहिण्याची पाळी चुकवत नाही, कारण मोट थांबली की पाणी पाटातच जिरतं. लिहिताना खोडत नाही, निंदण दुसऱ्या दिवशी. मोठ्या संकटांच्या मधे थोडी मेथी पेरतो, म्हणजे हसायची जागा, ती लवकर उगवते आणि बायकांना आवडते. वच्छले, तुझी दुसरी इयत्ता झाली आहे, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. बाजारात तू वाचतेस तेव्हा दौलतच्या तोंडी आपल्या मनानं दोन वाक्यं घालतेस, हे मला समजलं आहे. ती माझ्यापेक्षा चांगली असतात. हे मी रागानं लिहीत नाही.

कलम चौथे. हे मुख्य.

मी घरी पत्र लिहीत नाही. पत्रात खोटं लिहावं लागतं आणि माझा हात थांबतो. गोष्टीत खोटं चालतं. म्हणून वर्षाला पुस्तकच जायचं. आईला अक्षर येत नाही. वच्छला भाजीच्या पालात बसून वाचते, आई वांगी मांडता मांडता ऐकते. कोणी विचारलं, माणिकबाई, पोराची खबर काय, तर ती म्हणते, "पुस्तक आलं म्हणजे पोरगा जिता आहे." हे तिचं वाक्य आता सगळ्या बाजाराला पाठ आहे.

खांबांच्या टोळीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या शेजारचा माणूस छताखाली गेला. त्याच्या घरी कचेरीतून तार गेली. ती तार लिहिली हरिहरपंतांनी, आणि तिकीट चिकटवायला मी उभा होतो. त्या दिवशी मी ठरवलं की माझ्या आईला तार जाणार नाही. पुस्तक जाईल. जास्त मजुरी छपाईत घातली आणि जीव काढून लिहू लागलो. महिन्याला एक भाग छापून जातो, त्याशिवाय पुढचे भाग लिहून अकोल्याला खुशालरावांच्या पेटीत साठत आहेत. मी मेलो तर त्यांनी ते महिन्याला एक असे छापत राहावे, आणि मी मेल्याची खबर आईला देऊ नये. पेटीतले भाग संपले की वच्छलानं वरच्या रीतीनं पुढचे लिहावे. दौलतला घरी आणू नये, कारण आई दारात जाऊन बसेल. दौलतला मारू नये. तो कायम निघण्याच्या बेतात असावा.

हरिहरपंत म्हणाले, "अरे, असं कलम कायद्यात बसत नाही." मी म्हटलं, "पंत, तुम्ही ते कुठं बसतं ते पाहू नका. लिहू द्या."

कलम पाचवे. माझं घोंगडं, थाळी आणि दौत माझा सोबती शालिकराम याला द्यावी, असं मी घातलं होतं. तो अकोटकडचा, माझ्याच टोळीतला. त्याला साक्षीदारही करायचं होतं. तर पंत म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. शालिकराम म्हणाला, "मंग मी साक्ष काहून देऊ?" मी म्हटलं, "दोस्तीखातर." तो म्हणाला, "दोस्तीत घोंगडं भेटते का बे?" म्हणून घोंगडं त्याला जितेपणीच देऊन टाकलं आणि हे कलम रद्द केलं. थाळी आणि दौत वच्छलाला.

पुरवणी.

वरचं सगळं दोन आठवड्यांमागच्या रविवारी लिहून झालं होतं. सह्या राहिल्या, कारण शालिकराम त्याच संध्याकाळी बहिणीच्या लग्नाला गावी निघाला. आता तो परत आला आहे. येताना मुद्दाम वाकडी वाट करून तो चांदूर बाजाराला आईला भेटला. टोळीचं काही बोलू नको, अशी मी त्याला शपथ घातली होती. त्यानं आणलेली संत्री माझ्यासमोर आहेत, सोलली नाहीत. तो जे बोलला ते तसंच लिहितो, कारण त्यावरून चौथं कलम बदलायचं आहे.

तो म्हणाला, आई बाजारात भेटली. त्याला बसवून पाणी दिलं आणि पहिलाच सवाल केला, "दर महिन्याले पुस्तक येऊन राहिलं. काहून?"

शालिकराम म्हणाला, "हात बसला त्याचा, मावशी. भराभरा लिहिते."

"पहिले सालात एक यायचं."

"आता सुधरला."

आईनं पाल वच्छलाच्या हवाली केलं आणि म्हणाली, "चाल माह्यासंग." त्याला भर उन्हात बगीच्यात घेऊन गेली. विहिरीच्या कडेचं झाड आहे, बापानं लावलेलं. त्यापुढं उभं केलं.

"हे पाय. काय दिसते?"

शालिकरामला झाडांतलं काही कळत नाही, त्यांची शेती कोरडवाहू. तो म्हणाला, "बहार आहे, मावशी. पान दिसत नाही इतकं फूल आहे. यंदा चांगली कमाई."

आई खाली बसली आणि बुंध्याजवळची माती बाजूला केली. सालीतून डिंक गळत होता. ती म्हणाली, "डिंक्या लागला याले. मुळापासून सडून राहिलं. मरणारं झाड असंच करते, बापा. त्याले समजते का आपला टाइम आला. मंग आहे नाही तितकं सारं फुलावर काढते." मग तिनं त्याच्याकडे वर पाहिलं आणि विचारलं, "माह्या पोराले काय झालं?"

शालिकराम शपथेला जागला. तो म्हणाला, "काही नाही झालं."

"तू जमिनीकडं पाहून बोलून राहिला."

आईनं पुढे काही विचारलं नाही. फांदी वाकवली आणि फुलं ओरबाडून काढू लागली, मुठी मुठीनं. त्यालाही काढायला लावली. दोघांनी दुपारभर ते झाड मोकळं केलं. शालिकराम म्हणाला, "लय वास सुटला होता बे. मले रडू आलं, कायचं ते माईत नाही." निघताना तिनं ही संत्री बांधून दिली, दुसऱ्या झाडाची, आणि निरोप दिला:

"त्याले सांग, यंदाचा बहार सोड म्हणा. फुलं तोड. झाड राहिलं तर फळ केव्हाही येते. मले पुस्तक नाही पायजे."

मी इतके महिने समजत होतो की पुस्तक जितकं लवकर येईल तितकी आई निर्धास्त झोपेल. आणि तिकडे दर पुस्तकागणिक तिची झोप उडत होती. मला कळायला पाहिजे होतं, मी माळ्याचा पोरगा आहे. डिंक्या लागलेलं झाड मीही पाहिलं आहे.

म्हणून पुढील बदल.

चौथं कलम रद्द. खुशालरावांच्या पेटीतले भाग छापू नयेत. ते वच्छलाच्या ताब्यात द्यावे, तिनं बियाणं म्हणून ठेवावे, वाटलं तेव्हा पेरावे, आणि पुस्तकावर नाव तिचं घालावं. तिसरं कलम कायम, पण त्यात एवढं वाढवावं: वाफे भरताना विहिरीत किती पाणी आहे ते अधूनमधून वाकून पाहावं. मी पाहिलं नाही.

मी मेलो तर आईला खरं सांगावं. तार नको, कागद नको. शालिकरामनं स्वतः जावं, दिवसाउजेडी, बगीच्यात बसून सांगावं, आणि तिच्याकडे पाहून सांगावं.

यानंतर मी आमच्या मुकादमाकडे, त्याला इथं सरदार म्हणतात, गेलो आणि खांबांच्या टोळीतून नाव काढायला सांगितलं. मजुरी कमी चालेल म्हटलं. छपाईच नाही तर जास्त मजुरी काय करायची? तो म्हणाला, "बदली का आदमी गुरुवार को आएगा। तब तक उतरना पड़ेगा।" मी हात जोडले. तो म्हणाला, "इतने महीने डर नहीं लगा, आज लगता है?" त्याला काय सांगू? डर पहिल्या दिवसापासून होता. पण इतके दिवस मी माझ्या मरणाची तयारी करत होतो, त्या कामात भेव दडून जायचं. आता जगायचं ठरवलं आहे, तर हात इतका कापतो आहे की वरचं अक्षर आणि हे अक्षर एकाच माणसाचं आहे असं हरिहरपंतांना बाजूला लिहावं लागलं.

म्हणजे गुरुवारपर्यंत उतरायचं आहे, आणि तोवर हा कागद लागू आहे.

एक अडचण राहिली. या महिन्यात पुस्तक जाणार नाही. आईनं स्वतःच नको म्हटलं आहे, म्हणून ते आलं नाही की तिला वाटेल, पोरानं ऐकलं. पण मी गेलो तरी पुस्तक जाणार नाही. मग पुस्तक न येण्यावरून ती काय समजेल? मी पंतांना विचारलं. ते चष्मा काढून पुसत राहिले. शालिकरामनंच सांगितलं, "त्यात काय आहे? तू मेला त मी जाईन. मी गेलो नाही म्हणजे तू जिता आहे."

हे बरोबर आहे. मी पंतांना लिहायला सांगितलं, आणि ते लिहीत असताना शालिकराम एकदम म्हणाला, "थांबा, थांबा. मंग मले कधी चांदूरले जाताच येणार नाही का बे? माह्या मावसभावाचं लग्न आहे तिकडं."

"नाही जाता येणार."

"संत्री खायलेही नाही?"

"आईनं तुला नुसतं वेशीत पाहिलं तरी ती तिथंच बसेल, शालिक."

त्यानं एक संत्रं उचलून परत ठेवलं. मग म्हणाला, "मंग तुलेच संग यावं लागते."

म्हणून शेवटचं कलम. साक्षीदार शालिकराम यानं माझ्या हयातीत चांदूर बाजाराच्या शिवेत एकट्यानं पाऊल टाकू नये, लग्न असो, जत्रा असो की संत्री. जायचं झालं तर मी सोबत असावं, आणि वेशीतून आत शिरताना मी पुढे, तो मागे. हे कलम त्याला वाचून दाखवलं आहे. निरोप देणाराच निरोप आहे, हे त्याला समजलं आहे. हे एकच कलम पंत टपालानं वच्छलाला पाठवतील, आणि तिनं आईला एवढंच सांगावं की यंदाची फुलं तोडली, आणि शालिकराम एकटा दिसत नाही तोवर पोरगा जिता आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुरवणीचा शेवट हरिहरपंतांच्या हातचा आहे कारण माझा हात चालेना. सर्व वाचून पाहिलं, बरोबर आहे. भेव अजून आहे. संत्री आता सोलतो आहोत.

सही: सहदेव केशवराव होले

साक्षीदार:

१. हरिहर मोरोपंत पाठक, कारकून. लिहिणाऱ्यानं माझ्यासमोर सही केली. हात कापत होता, पण डोकं ठिकाणावर होतं, याची मी ग्वाही देतो.

२. शालिकराम, अकोटकडचा. डाव्या हाताचा अंगठा. ऐकलं, कबूल. एकटा जाणार नाही.

मुक्काम झरिया, तारीख १४ मार्च १९३७, रविवार